दंडावरचा आकडा कोणाकोणाला दिसावा?

मागच्या श्रावणातली गोष्ट आहे. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. फॅमिली डॉक्टरच्या घरी अवेळी फोन वाजणे नवे नाही. परंतु या वेळी बोलणारी व्यक्ती सांगलीतली नव्हती. ती न्यू जर्सीत होती आणि तिच्याकडे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ चालू होती. "मॅडम, बाबांची शुगर ५४ झालीय आणि खाली जातेय. आई-बाबा दोघंही फोन उचलत नाहीत." सातासमुद्रापलीकडे बसलेल्या मुलीला जे कळले होते, ते त्याच खोलीत झोपलेल्या तिच्या आईला कळलेले नव्हते.

ज्यांच्याविषयी हे बोलणे चालले होते ते माझे शाळेतले गणिताचे सर. वय शहात्तर, मधुमेह पंचवीस वर्षांचा, इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. (सरांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे; ओळख पटेल असे काही तपशील मात्र बदलले आहेत.) काही महिन्यांपूर्वी भाजी घेताना ते मंडईतच खाली बसले होते. मोजली तेव्हा साखर ४१ निघाली. घाम नाही, थरथर नाही, भुकेची जाणीव नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात शरीराची ही धोक्याची घंटा पुष्कळदा बोथट होते. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर जातीच्या गोळ्याही तिचा आवाज दाबतात. म्हणून मीच सुचवले होते की, सर, दंडावर सेन्सर लावून घ्या. मुलीने तो आनंदाने विकत घेतला, ॲप बसवले आणि वडिलांचे आकडे आपल्या फोनवर जोडून घेतले.

मी ग्लुकोमीटर घेऊन दोन गल्ल्या चालत गेले. बेल बराच वेळ वाजवल्यावर काकूंनी दार उघडले. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानावर त्या झोपतात. सर डाव्या कुशीवर, सेन्सर लावलेला दंड अंगाखाली घेऊन गाढ झोपले होते. उठवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले ते दहावीच्या वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे पाहावे तसे. बोटाला टोचून पाहिले, तर साखर १३१. फोनच्या पडद्यावर अजून ५४ च होते. काकूंनी चहा ठेवला आणि तो होईपर्यंत तेथला आकडा आपोआप ११८ वर आला.

वाचकहो, ही यंत्राची लबाडी नव्हे. हे समजून घ्यायचे असेल, तर हा आकडा कोठून निघतो आणि कोणकोणत्या मुक्कामांवरून आपल्या फोनपर्यंत पोहोचतो, ते पाहावे लागेल.

आकड्याचा प्रवास

शेतातल्या मातीचा ओलावा, पुलाची कंपने, शहरातल्या हवेतले धूलिकण हे सारे मोजणाऱ्या छोट्या छोट्या सेन्सरांची बिनतारी जाळी आज जगभर पसरलेली आहेत. तत्त्व सर्वत्र एकच. जागेवर मोजायचे, थोडेथोडे पुढे धाडायचे, एके ठिकाणी साठवायचे आणि ज्याला गरज आहे त्याला दाखवायचे. मनगटावरचे घड्याळ, छातीवरची ईसीजीची पट्टी आणि दंडावरचा साखरेचा सेन्सर ही त्याच जाळ्याची घरगुती रूपे होत.

वैद्यकाला ही कल्पना नवी नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी चालत्या-फिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख रेडिओलहरींवरून पाठवून दाखवला. त्यासाठी त्या माणसाने पाठीवर वाहिलेले यंत्र सुमारे ३८ किलो वजनाचे होते. आज चोवीस तासांच्या ईसीजीला आपण 'होल्टर' म्हणतो, ते त्यांचेच नाव. त्या अडतीस किलोंचे काम आता एखाद्या नाण्याएवढी चकती करते; पण पाठवायचे, साठवायचे आणि दाखवायचे हे तीन टप्पे काही चुकलेले नाहीत.

साखरेच्या सेन्सरची केसासारखी बारीक तार त्वचेखाली काही मिलिमीटर असते. ती रक्तवाहिनीत नसते, तर पेशींच्या मधल्या द्रवात असते. तारेवरच्या विकराची त्या द्रवातल्या ग्लुकोजशी अभिक्रिया होते, अत्यल्प विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि चकतीतली चिप त्यावरून साखरेचा अंदाज बांधते. अंदाज हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरते आहे. रक्तातली साखर बदलल्यावर तो बदल या द्रवात उमटायला साधारण पाच ते पंधरा मिनिटे लागतात. जेवणानंतर साखर वेगाने चढत असताना किंवा चालून आल्यावर वेगाने उतरत असताना बोटाचा आकडा आणि दंडाचा आकडा जुळला नाही, तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. त्यात माणूस त्याच दंडावर दाब देऊन झोपला की तिथला रक्तप्रवाह आणि द्रव दोन्ही आकसतात आणि सेन्सरला साखर प्रत्यक्षाहून बरीच कमी दिसते. सरांच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. काही सेन्सर व्हिटॅमिन सी च्या मोठ्या मात्रेने फसतात, काही जुने प्रकार पॅरासिटामॉलने फसत. म्हणून आपल्या सेन्सरसोबत येणारी घडीची पुस्तिका कचऱ्यात टाकण्यापूर्वी एकदा तरी वाचावी, ही विनंती.

पुढचा प्रवास असा. चकतीतून आकडा ब्लूटूथवरून फोनकडे जातो. ही पोहोच साधारण सहा मीटरची, म्हणजे एका खोलीची. मध्ये जाड भिंत किंवा आपलेच शरीर आले तरी ती घटते. फोनवरून इंटरनेटने तो कंपनीच्या सर्व्हरवर आणि तेथून मुलीच्या, मुलाच्या, जावयाच्या फोनवर जातो. दर पाच मिनिटांनी एक आकडा धरला, तर दिवसाला २८८. यातली एकही कडी तुटली की पलीकडच्याला काहीच दिसत नाही. फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि माणूस आतल्या खोलीत. वीज गेली आणि राउटर बंद पडला. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोननेच ॲप झोपवून टाकले. नातवाने खेळता खेळता फोन मूक केला. हे सारे प्रकार माझ्या रुग्णांच्या घरी घडलेले आहेत. काही सेन्सर मधल्या काळातले आकडे स्वतःजवळ राखून ठेवतात आणि फोन जवळ आला की मागची पोकळी भरून काढतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आलेख अखंड दिसतो आणि रात्री इशारा गेलाच नव्हता हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि सर्वच दोष घरातले असतात असेही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अशा एका मोठ्या सेवेचे सर्व्हर बंद पडले. अनेक आई-बाप आपल्या मुलाचा इशारा वाजेल या भरवशावर झोपले होते आणि तो वाजलाच नाही. पलीकडून काही आले नाही, याचा अर्थ सर्व ठीक आहे असा कधीही घेऊ नका.

एवढे असूनही मी या साधनाच्या बाजूची आहे. त्याचा जन्मच मुळी काळजीतून झालेला आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या सॉफ्टवेअर अभियंत्याच्या लहान मुलाला टाइप १ मधुमेह होता. मुलाच्या सेन्सरचा आकडा फक्त मुलाजवळच्या छोट्या यंत्रावर दिसे; बाप कचेरीत. त्याने त्या यंत्रातला आकडा फोनमार्फत इंटरनेटवर आणण्याची युक्ती शोधली आणि इतर पालकांबरोबर मिळून ती सर्वांसाठी खुली केली. 'नाइटस्काउट' या नावाने ती ओळखली जाते. 'आम्ही वाट पाहत बसणार नाही' हे त्या चळवळीचे ब्रीद होते. दूरच्या फोनवर आकडा दाखवणाऱ्या पहिल्या अधिकृत ॲपला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली ती त्यानंतर, जानेवारी २०१५ मध्ये. कंपन्यांच्या आधी आई-बापांनी हे घडवले, याचे मला नेहमी कौतुक वाटते. मात्र तिथे बघणारा बाप होता आणि ज्याचे बघितले जात होते ते अजाण मूल होते. शहात्तर वर्षांच्या गणिताच्या शिक्षकाला तोच अंगरखा घातला की तो बसत नाही. हे मला फार उशिरा उमगले.

मोदकांचा आलेख

त्या रात्रीनंतर मी सरांना कुशी बदलून झोपायला सांगितले, मुलीला 'दाबाने खोटा कमी आकडा' म्हणजे काय ते समजावले आणि विषय संपला असे मानले. दरम्यान ॲपमध्ये 'पाहणाऱ्यां'ची संख्या वाढत गेली होती. मुलगी, जावई, बंगळूरचा मुलगा, सून आणि मिरजेची पुतणी, असे पाच जण. शिवाय कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप.

गणेशचतुर्थीला सरांनी तीन उकडीचे मोदक खाल्ले. तासाभरात आलेख २६० ला भिडला. बंगळूरहून फोन आला, त्यापाठोपाठ ग्रुपवर आलेखाचे चित्र पडले आणि खाली प्रश्न : "बाबा, हे काय?" आरतीला आलेली मंडळी अजून घरात होती. एकाने मोठ्याने वाचून दाखवले, सर्व हसले. सरही हसले. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी त्यांनी सेन्सर सोलून काढला आणि मुलीला सांगितले की तो संपला, नवा मागवला आहे. त्यांच्या आयुष्यातले हे बहुधा पहिलेच खोटे बोलणे असावे, आणि म्हणून ते कोणालाच ओळखता आले नाही.

एकोणीस दिवसांनी पहाटे ते न्हाणीघरात पडलेले सापडले. काकूंना सहा वाजता जाग आली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरू मुलाने ग्लुकोमीटरने पाहिले, तर ३८. त्याने शहाणपणा केला तो असा की बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतले नाही. कुशीवर वळवून ठेवले आणि १०८ ला फोन केला. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर सर शुद्धीवर आले, परंतु उजव्या खांद्याजवळचे हाड मोडले होते. हे थोडक्यात निभावले, असे सर्व जण म्हणाले. मला तसे म्हणवले नाही.

रुग्णालयात मी त्यांच्याजवळ बसले होते. सेन्सर का काढलात, असे विचारले नाही, तरी त्यांनीच सांगितले. "अगं, नापास झालेल्या मुलाचा पेपर मी कधी वर्गात वाचून दाखवला नाही. माझा मात्र रोज पाच जण वाचतात."

वाचकहो, सेन्सर लावताना मी त्यांना सर्व सांगितले होते. दंडावरची जागा, आंघोळ, इशाऱ्याची पातळी, चौदा दिवसांनी बदलणे. एक गोष्ट विचारली नव्हती : "सर, हे आकडे कोणाला दिसलेले तुम्हाला चालतील?" मुलीनेही विचारली नव्हती. फोन तिने बसवला, परवानगीच्या खुणा तिने दाबल्या. ज्याच्या दंडावर सेन्सर, त्याचे बोट त्या पडद्याला लागलेच नव्हते. रक्त तपासणीचा कागद आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटत नाही. आणि हा तर दिवसाला २८८ ओळींचा कागद. त्यावरून माणूस कधी जेवला, काय जेवला, रात्री कधी उठला, फिरायला गेला की नाही, हे सारे वाचता येते.

सर्वांनी शिखरे पाहिली

आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्या व्यवसायाच्या चुकीची आहे. सर घरी आल्यावर मी पहिल्या पंधरवड्याचा पूर्ण अहवाल उघडून बसले. चौदा रात्रींपैकी सहा रात्री, पहाटे चारच्या सुमारास, साखर ७० च्या खाली गेलेली होती. सर्वच वेळा कुशीचा दोष नव्हता. त्यांतल्या चार रात्री उतार संथ होता आणि तासभर टिकलेला होता. दाबाने येणारा खोटा आकडा बहुधा एकदम कोसळतो आणि कूस बदलली की तसाच एकदम वर येतो. हा संथ उतार संध्याकाळच्या इन्सुलिनचा होता. माहिती गोळा झाली होती, पाच फोनांवर पोहोचली होती, आणि त्यातली जी ओळ जीव वाचवणारी होती ती कोणीच वाचली नव्हती. सर्वांचे डोळे जेवणानंतरच्या शिखरांवर. मोदक सर्वांना दिसले, पहाटेचे चार कोणाला दिसले नाहीत. मलाही नाहीत; खऱ्या घसरणीला खोटी समजून मी त्या कुटुंबाला निश्चिंत केले होते.

म्हणून अहवाल कसा वाचावा हे आपल्याला ठाऊक असायला हवे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१९ मध्ये एक सर्वमान्य माप ठरवले आहे. बहुतेक प्रौढ मधुमेहींची साखर दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० च्या दरम्यान असावी आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी असावा. वृद्ध आणि जोखमीच्या रुग्णांसाठी माप वेगळे आहे. मधल्या पट्ट्यातला वेळ ५० टक्क्यांच्या वर असला तरी पुरे. परंतु ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत हवा, म्हणजे चोवीस तासांत सुमारे पंधरा मिनिटे. वृद्धाच्या बाबतीत थोडी चढलेली साखर चालवून घेता येते, उतरलेली मुळीच नाही. अहवाल भरवशाचा ठरायला चौदा दिवसांपैकी किमान ७० टक्के काळाचे आकडे हाती हवेत. तेव्हा आपल्या डॉक्टरांना दाखवायचा तो हा चौदा दिवसांचा सारांश. रात्री साडेअकराला पाठवलेली पडद्याची चाळीस छायाचित्रे नव्हेत! माझ्या फोनवर अशी इतकी येतात की त्यात खरा निरोप बुडून जातो.

सरांचा खरा उपाय सेन्सर नव्हता. खरा उपाय होता संध्याकाळचा डोस कमी करणे आणि साखरेचे लक्ष्य सैल करणे. ते केले. मगच सेन्सर पुन्हा लावायचा की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

घरात बसून ठरवण्याच्या गोष्टी

एका रविवारी सायंकाळी सरांच्या घरी आम्ही बसलो. मुलगी आणि मुलगा फोनच्या पडद्यावर, काकू, भाडेकरू मुलगा आणि मी समोर. फोन या वेळी सरांच्या हातात होता. प्रत्येक नावापुढे त्यांनीच विचारले, "याला काय दिसावे? दिसले तर तो काय करणार?" दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. जावई आणि सून यांना आकडा दिसून त्यांच्याकडून काहीच होणार नव्हते, झाली तर फक्त काळजी. ती नावे निघाली. पुतणी मिरजेची, तिला यायला अर्धा तास लागतो, म्हणून तिला दिवसाचे इशारे. ७० च्या खालचा रात्रीचा इशारा वरच्या मजल्यावरच्या मुलाला, कारण जिना उतरून एका मिनिटात तोच येऊ शकतो, आणि त्याच्याजवळ आता घराची एक किल्ली आहे. मुलीलाही तो इशारा जातो, पण तिने आधी त्या मुलाला फोन करायचा. मुलाला फक्त चौदा दिवसांचा सारांश. जेवणानंतरचा आलेख सरांचा आणि माझा. ग्रुपवर काहीही टाकायचे नाही.

सर्वच ॲपमध्ये इतके बारीक निवडता येत नाही. काहींत पाहणाऱ्याला आलेख दाखवावा की नुसता इशारा द्यावा हे ठरवता येते, काहींत सर्व किंवा काहीच नाही. जिथे यंत्रात सोय नाही तिथे शब्द द्यावा लागतो. मुलीने तो दिला : वर गेलेल्या आकड्याविषयी ती रविवारच्या फोनपर्यंत बोलणार नाही.

कायदा येथे आपल्या मदतीला येत नाही, हेही लक्षात घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कंपन्यांवर बंधन घातले आहे की संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूपुरती आणि माहितीपूर्ण असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणे सोपे असावे. परंतु एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. म्हणजे कुटुंबाच्या ग्रुपवरचा मोदकांचा आलेख घरानेच आवरायचा.

घराबाहेरचा धोका मात्र खरा आहे. २०१८ च्या जानेवारीत एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की 'स्ट्रावा' या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशात ओसाड प्रदेशातल्या लष्करी तळांच्या वाटा उजळून निघालेल्या आहेत. नकाशावर कोणाचेही नाव नव्हते. सैनिकांनी आपले धावणे तेवढे नोंदवले होते. नाव काढून टाकले म्हणजे माणूस लपतो, ही समजूत त्या नकाशाने खोटी ठरवली. त्यामुळे फुकट मिळणारे कोणतेही ॲप सेन्सरला किंवा घड्याळाला जोडण्यापूर्वी, ते पाहणाऱ्यांची यादी कोठे दाखवते आणि ती कशी पुसायची, हे आधी शोधून ठेवा. दर तीन महिन्यांनी एकदा ती यादी उघडा. जुना फोन विकला, काळजीवाहक बदलला, तरी नावे तशीच राहिलेली असतात.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक वेगळी सूचना. शाळेत फोनला बंदी असेल, तर मुख्याध्यापकांना पत्र देऊन या फोनपुरती सवलत मागून घ्या आणि वर्गशिक्षिकेला इशाऱ्याचा आवाज ऐकवून ठेवा. मूल आठवी-नववीत गेले की मात्र आपण काय पाहायचे हे त्याच्याशी बोलून थोडेथोडे कमी करत जा. माझ्याकडे येणारी एक मुलगी क्लासला जाताना फोन मुद्दाम घरी ठेवत असे. तिच्या आईने 'किती आहे?' असे विचारण्यापूर्वी 'क्लास कसा झाला?' विचारायला सुरुवात केली, तेव्हापासून फोन तिच्या दप्तरात असतो.

इशारा आला तर काय करावे, हेही घरात सर्वांना सांगून ठेवा. माणूस बोलता येण्याजोगा असेल, तर बोटाला टोचून पाहा. ग्लुकोमीटर हाताशी नसेल, किंवा घाम, थरथर, असंबद्ध बोलणे असे काही दिसत असेल, तर आकडा खरा की खोटा हा वाद घालू नका. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. खोट्या इशाऱ्यावर दिलेल्या तीन चमच्यांनी फारसे बिघडत नाही. खऱ्या इशाऱ्यावर न दिलेल्या तीन चमच्यांनी सर्व बिघडते. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू आहे त्यांच्यासाठी घरात ग्लुकोजची पावडरच ठेवा, कारण त्या गोळीने साध्या साखरेचे पचन लांबते. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये.

आणि ज्यांना इन्सुलिन नाही, साखर उतरवणारी तीव्र गोळी नाही, ज्यांचा मधुमेह आहार आणि एखाद्या गोळीवर आटोक्यात आहे, त्यांनी शेजाऱ्याने लावला म्हणून दर पंधरवड्याला काही हजार रुपये दंडावर चिकटवण्याची घाई करू नये. वर्षातून एखादा पंधरवडा शिकण्यासाठी लावला तर उपयोग आहे. एरवी वही आणि ग्लुकोमीटर अजूनही उत्तम.

सरांनी सेन्सर पुन्हा लावला आहे, आता उजव्या कुशीवर झोपतात आणि खांदाही बऱ्यापैकी वर होतो. गेल्या तीन महिन्यांत रात्रीचा खरा इशारा एकदाच वाजला. वरचा मुलगा खाली आला, सरांनी ग्लुकोज घेतले आणि दोघांनी पहाटेपर्यंत बुद्धिबळ खेळले. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तो त्यांना वाचून दाखवला. मोदकांच्या प्रसंगावर ते काही बोलले नाहीत. एके ठिकाणी मात्र त्यांनी मला थांबवले. "चोवीस तासांचा एक टक्का म्हणजे चौदा मिनिटे चोवीस सेकंद. पंधरा कुठून आणलीस?" मी म्हटले, "सर, आधी 'सुमारे' लिहिलंय." त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि पुढे वाचायला सांगितले.